लिलीच्या नावावरचं रक्त

५ नोव्हेंबर, बुधवार

यतीनच्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी पडून होती. आजपासून लिहिते. उद्या काही भानगड निघाली तर कोणी म्हणायला नको, की सुमन राऊतच्या नाकासमोर सगळं चाललं होतं आणि तिला पत्ताच नव्हता.

रॉबर्टच्या वखारीत दवाखाना निघालाय. त्याची वखार आणि आमची केळीची वाडी यांच्यात एक भिंत. सांडोरची केळी बाहेरगावी जायची तेव्हा त्या वखारीत छतापर्यंत घड रचलेले असत. पुढे तिथे घुशींनी संसार थाटला. रॉबर्ट कॅनडात जाऊन बसला, दहा वर्षांत साधा फोन नाही. आणि त्या माणसाने म्हणे जागा फुकट दिली! चुना मारला, पंखे लावले, बाहेर बाक टाकले. बोर्डावर लिहिलंय, 'श्रमिक आरोग्य केंद्र. ज्यांचा कुठलाच विमा नाही अशा कामकरी माणसांना तपासणी, रक्त, औषध मोफत. बुधवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'कागदपत्रं नसली तरी या.'

हे शेवटचं वाचलं आणि मी जागच्या जागी थांबले. रेशनला कागद लागतो, गॅसला लागतो, मेल्यावर जाळायलासुद्धा लागतो. कागद न मागणारा माणूस मी या वयापर्यंत पाहिलेला नाही. नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.

आधी दवाखाना, मग त्याच्यासाठी रुंद रस्ता, मग रस्त्यासाठी आमची केळी तोडा, मग टॉवर. विरारकडे काय झालं ते आम्ही पाहिलंय.

बाकी, न्हाणीघरात पुन्हा मुंग्या. मांडवावर केळी सोलून सुकेळीसाठी वाळत घातलीत, त्यांच्या गोडव्याला येत असणार. नव्या चपलेने उजव्या अंगठ्याला घासलंय. दुकानदार म्हणाला होता अस्सल चामडं आहे. अस्सल चोर आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिली आली होती सकाळी, सुकेळी उलटायला. लिली लोपीस म्हणजे आमच्या मागच्या दारची. पाचूबंदरची मुलगी, लग्न होऊन सांडोरात आली तेव्हापासून आमच्याकडे येते-जाते. दिवसभर वसई पूर्वेला एका गाळ्यात प्लॅस्टिकचे डबे पॅक करते, उभ्याने. खाडा झाला की रोज बुडतो, आजारी पडायची सोय नाही. नवरा स्टॅनी रंगकाम करतो, तेही मिळेल तेव्हा.

म्हणाली, "वयनी, त्या दवाखान्यात गाल्यातल्या दोघी जाऊन आल्या. चांगलं बघतात म्हनतात. माझा गुडघा दाखवून येऊ?"

मी म्हटलं, "अगं, फुकट तपासतात ते कशाला? आधी बोटातून रक्त, मग कागदावर अंगठा. तुझं घर कोणाच्या नावावर आहे?"

"सासऱ्याच्या."

"मग तर अजिबात जाऊ नकोस."

ती हसली. हसली की मला तिचा राग येतो, कारण मग ती ऐकणार नाही हे कळतं. पण जाणार नाही म्हणाली. तिने मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत राजेळी केळी एक एक करून उलटली. एका केळ्यावर चिलट बसू दिलं नाही. हे काम तिच्या हातचं. माझ्या बोटांना हल्ली मुंग्या येतात.

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली. साखरेने गेले. पण चांगल्या, पैसे घेणाऱ्या इस्पितळात. काशिनाथ राऊतांनी आयुष्यात एक गोळी फुकट खाल्ली नाही. त्यांचा गोळ्यांचा डबा अजून कपाटात आहे, शेवटच्या महिन्याचा, अर्धा भरलेला. यतीन म्हणतो टाकून दे. टाकवत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पुरावाच मिळाला. केळींच्या आडून पाहत होते. दोन माणसं आली आणि टेप लावून वखारीच्या दारापासून रस्त्यापर्यंत मोजायला लागली. एकाने खडूने खुणा केल्या. मग आमच्या भिंतीकडे बोट करून काहीतरी बोलले. पायऱ्यांवर उभी राहून डॉक्टरीण मान हलवत होती. पोरगीच आहे, स्कूटरवरून येते. शर्लिन नाव, गिरीजची म्हणतात. एवढ्या शिकलेल्या मुलीला पैसे मिळवायचे सोडून घुशींच्या वखारीत बसायची हौस आली का?

बाकावर माणसं मात्र पुष्कळ होती. गाळ्यांतल्या बाया, रिक्षावाले, मनवेलपाड्याहून दोन रिक्षा भरून आलेले. खोकत होते, हसत होते. संध्याकाळी डोळ्यांना अंधुक दिसतं, नाहीतर चेहरे ओळखले असते. चष्मेवाल्याने नंबर चुकीचा काढलाय, त्याच्याकडे जाऊन भांडायचंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

यतीनला फोन केला. विरारला राहतो, पण अमेरिकेला असल्यासारखा. म्हटलं, "मोजमाप चाललंय इथे."

"आई, कशाचं मोजमाप?"

"ते मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

"मग जाऊन बघ ना आत. आणि हो, स्वतःची शुगर पण बघून घे. माझ्या पॉलिसीत पेरेंट्स कव्हर होत नाहीत, तुला सांगितलंय मी."

सून अक्षदा मागून काहीतरी बोलली, मग दोघं हसले. हसा.

पण 'जाऊन बघ' हे खोटं नाही. वाघाच्या गुहेत शिरल्याशिवाय आत हाडं कोणाची पडलीत ते कळत नाही. फक्त मी, राऊतांची सून, फुकटच्या रांगेत दिसायला नको.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जाऊन आले. नीट लिहून ठेवते.

विटलेलं पातळ नेसले, टिकली काढली, डोक्यावरून पदर घेतला. दारातल्या टेबलाशी संपदा नावाची मुलगी. मनवेलपाड्याची, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या माणसाशी मी नेहमी जपून असते. तिने नाव विचारलं. मी काय सांगणार? तोंडात आलं ते सांगितलं, "लिली लोपीस." पत्ता तिचा, फोन तिचा. स्टॅनीचं नाव नवरा म्हणून सांगताना जीभ जरा अडखळली.

संपदा खोक्यात बोटं फिरवत म्हणाली, "मावशी, तुमचं कार्ड आहे की इथे. आधी आला होता ना? गेल्या बुधवारी मी नव्हते."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. लिली तर गेलेली नाही, तिने मला सांगितलंय! म्हणजे न गेलेल्या माणसांची कार्डं यांनी आधीच करून ठेवलीत. गावातली नावं कुठून मिळवली? मतदारयादीतून? मी चेहरा दगडाचा केला आणि म्हटलं, "हो, आले होते."

"डॉक्टरांनी आज परत ब्लड सांगितलंय का?"

"सांगितलंय," म्हटलं. एका खोट्याला दुसऱ्याची सोबत लागतेच.

दंडाला रबर बांधून रक्त काढलं. हात हलका आहे पोरीचा, ते कबूल करायला हवं. बाटलीवर चिठ्ठी डकवली. मग विचारते कशी, "मावशी, तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं का?"

मी सटपटलेच. रात्री चार-चारदा उठते ते हिला कोणी सांगितलं? न्हाणीघराची खिडकी वखारीच्या बाजूला आहे. कोणीतरी लक्ष ठेवून असणार. मी ठणकावून सांगितलं, "मला छान झोप लागते."

"बरं. आता चपला काढून आत बसा, डॉक्टर पाय बघतील."

गुडघा नाही, छाती नाही, पाय! पाय का दाखवायचे मी? अंगठ्याची चिंधी पाहून उगाच शंभर प्रश्न. आतला पेशंट बाहेर यायच्या आधी मी मागच्या दाराने निघाले, केळींतून घरी. ताकाला जाऊन भांडं लपवलं म्हणतील लोक, पण मी ताकाला गेलेच नव्हते, म्हैस कोणाची ते बघायला गेले होते.

लिलीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या नावाचं बोगस कार्ड निघालंय हे ऐकून ती घाबरेल, आणि ते मला कसं कळलं हेही विचारेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिली रडत आली. आज सुकेळी उलटायलासुद्धा आठवलं नाही तिला.

दवाखान्यातून फोन आला होता. तिच्या रक्तात साखर फार वाढलीय, तातडीने या म्हणाले. ओट्यावर बसून तिने माझा हात धरला. "वयनी, रागावू नको. तू नको म्हनालीस तरी मी गेलती, त्याच्या मागच्या बुधवारी. गुडघ्यासाठी. त्यांनी रक्त घेतलं. रिपोर्ट आनायला जायचं राहूनच गेलं, नाताळाचा माल हाय, ओवरटाइम चाललाय. आनि आता हे."

म्हणजे कार्ड बोगस नव्हतं. माझ्याआधी ही गेली होती, माझ्याशी खोटं बोलून! मला इतका राग आला, की पहिल्यांदा तिचे डोळे पुसायचंही सुचलं नाही. वीस-बावीस वर्षांचा शेजार. मला सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं मी तिला?

मग जरा शांत झाल्यावर विचार केला. रक्त तिने दिलं, मीही दिलं. साखर निघाली ती तिच्या नावावर. तिच्या कुटुंबात कोणाला होती का विचारलं, तर म्हणाली एक मावशी होती. मग झालं. आमच्या माहेरी कोणाला नाही. मी साखर कमी खाते असं नाही, पण मला पचते.

लिली म्हणाली, "गोली द्या म्हनलं फोनवर, तर ती संपदा म्हनते, डॉक्टर बघितल्याशिवाय गोली नाय, आधी तुम्ही या."

"बघ! गोळीच नाही त्यांच्याकडे. नुसतं बोलावतात. गेलीस की या कागदावर सही कर, त्या कागदावर कर."

"पन मग मी काय करू? भावजींचं बघितलं ना मी. त्यांचे पाय, त्यांचे डोळे. मना तसं नको वयनी."

ह्यांच्या शेवटच्या दिवसांत उशाशी रात्रीपाळीला तीच बसायची, मला झोप मिळावी म्हणून. ते आठवलं आणि मला भडभडून आलं. उठले, कपाट उघडलं, ह्यांचा डबा काढला. रोज सकाळी एक, म्हटलं. मोठ्या डॉक्टरने लिहून दिलेली, मोठ्या दुकानातून विकत घेतलेली, खात्रीची. फुकटातली नाही. ह्यांची शेवटची वस्तू घराबाहेर चालली होती. पण लिलीसाठी.

तिने डबा कपाळाला लावला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी ती संपदा फाटकाशी उभी. "काकू, लिली लोपीस इथे मागे राहतात ना? दार बंद आहे, फोन घेत नाहीत. डॉक्टरांना त्यांना आजच भेटायचंय."

मला तिने ओळखलं नाही. टिकली आणि इस्त्रीचं पातळ यात केवढं बळ असतं!

मी म्हटलं, "ती माहेरी गेलीय पाचूबंदरला." खरं म्हणजे लिली गाळ्यात होती, हल्ली ओवरटाइममुळे साडेआठला येते.

"आल्या की सांगाल? फार गरजेचं आहे. त्यांचा रिपोर्ट..." आणि जीभ चावली. दुसऱ्यांना सांगायचं नसतं म्हणे. एवढं काय गुपित आहे ते? ज्याच्यात काळंबेरं नसतं तो चारचौघांत बोलतो.

गेली बिचारी. जाताना माझ्या पायाकडे बघत होती. चिंधी जरा भिजली होती आज. दुखत मात्र काही नाही, मग काळजी कशाची?

लिली सांगत होती, गोळीने जरा हातपाय थरथरतात, पण म्हणजे लागू पडतेय. भात तिने बंद केलाय. मी शाबासकी दिली.

३० नोव्हेंबर, रविवार

आजचं क्रमाने लिहिते.

लिली जुन्या वळणाची. रविवारी चर्चमधली मिस्सा होईपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही. हल्ली एवढं कडक कोणी पाळत नाही, पण तिच्या आईने लावलेली सवय. मला हे माहीत होतं. वीस-बावीस वर्षं माहीत आहे. गोळी देताना आठवलं नाही.

नऊच्या सुमाराला तिच्या देवळातून थेट वाडीत आली, मिस्साच्या साडीतच. म्हणाली, "वयनी, खोटं नाय बोलनार आता. मी दवाखान्यात चाल्ली. रक्त परत देते, म्हनून मिस्सानंतर पन काय खाल्लं नाय. तू पन चल." मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "बरं, दोन केली उलटून जाते." मांडवाशी गेली. मग काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, आईला हाक मारली, मला ओळखेना. अंगातून घामाच्या धारा. आणि मांडवासकट खाली आली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. आमच्या भिंतीवरून संपदाने डोकं काढलं आणि पुढच्याच क्षणी ती डॉक्टरीण फाटकातून धावत आत. अनवाणी होती पोरगी. पेशंटसमोरून तशीच उठून आलेली. लिलीचं बोट टोचलं, यंत्र पाहिलं.

"साखर पार तळाला गेलीय. काय घेतलंय यांनी?"

मी म्हटलं, "काही खाल्लं नाही सकाळपासून."

"नुसत्या उपासाने असं होत नाही. मावशी, कुठली गोळी घेतलीय का?"

लिलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सुकेळी सगळीकडे विखुरलेली, तिच्या पांढऱ्या साडीला चिकटलेली. मला वाटत होतं, बोलले तर ही पोरगी मला पोलिसांत देईल. खरंच हेच वाटत होतं, लिलीचं काय होईल हे नंतर. हे लिहायला लाज वाटते, पण ही डायरी माझी आहे.

"मावशी!"

"साखरेची गोळी. माझ्या यजमानांची. मी दिली."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने तिथेच चिखलात गुडघे टेकून लिलीची शीर शोधली, सुई घातली, ग्लुकोजची बाटली संपदाच्या हातात उंच धरायला दिली. मी येशूला हाक मारली, आमच्या देवीलाही मारली. थोड्या वेळाने लिलीने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय, तर "वयनी, केली खराब झाली गं."

ही गोळी अंगात खूप वेळ राहते, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून तिला इस्पितळात ठेवायला नेलं. दवाखान्याच्याच ओळखीने खाट मिळाली. स्टॅनी हाताला रंग तसाच घेऊन आला. त्याने मला विचारलं नाही काय झालं. कोणी त्याला सांगितलंही नाही.

१ डिसेंबर, सोमवार

इस्पितळात जाऊन आले. लिली बरी आहे, पेज खाल्ली. बाहेर बाकावर डॉक्टर शर्लिन बसली होती. मला शेजारी बसवून घेतलं. वाटलं, आता निघणार पोलिसांचं.

"काकू, तुम्ही जवळच्या आहात म्हणून विचारते. लिलीमावशींना साखर नाहीच. पहिल्या वेळचं रक्त अगदी साफ होतं. आठवड्याने तेच नाव, आणि त्यात भयंकर साखर. असं होऊ शकत नाही, म्हणून तर मी गोळी न देता बोलावत होते. आज परत तपासलं. त्यांना साखर नाही."

"मग?"

"मग ते रक्त दुसऱ्या कोणाचं तरी आहे. बाटल्या बदलल्या असं संपदाला वाटतंय, त्या दिवशीच्या गर्दीतला एकही चेहरा तिला आठवत नाही. रडतेय, काम सोडते म्हणतेय. पण मला ते नंतर बघता येईल. ज्या बाईचं ते रक्त आहे, ती कुठेतरी हिंडतेय आणि तिला माहीत नाही. एवढ्या साखरेत कदाचित तिच्या पायाला जखमही असेल. तिला कसं शोधू?"

मी उठून घरी आले. रिक्षात स्वतःला सांगत होते, बाटल्या बदलल्या असतील. होतात. पोरगी नवीन आहे.

घरी आल्यावर न्हाणीघरात गेले. मुंग्या होत्याच. मांडव तर काल मोडला, सुकेळी सगळी टाकून दिली, वाडीत गोडाचा कण नाही. मी चष्मा लावून खाली बसले आणि त्यांची रांग पाहिली. ती वाडीकडून कधी येतच नव्हती. भिंतीतल्या चिरेतून निघून सरळ मोरीत जात होती, जिथे मी रात्री चारदा उठून जाते. ह्यांच्या वेळीही न्हाणीघरात अशाच मुंग्या असत. तेव्हा मी फिनेल बदललं होतं.

मला खूप भीती वाटली. अशी भीती हे गेले तेव्हाही वाटली नव्हती.

३ डिसेंबर, बुधवार

टिकली लावली, इस्त्रीचं पातळ नेसले आणि पुढच्या दाराने गेले. पायऱ्यांच्या जागी आता उतार केलाय, कडेला लोखंडी कठडा. त्या दिवशी टेप लावून मोजलं ते हे. कठडा धरूनच चढले, अंगठ्यामुळे चाल वाकडी झालीय.

बाकावर लिली बसलेली! काल घरी सोडलं तिला, आज दाखवायला आली होती, स्टॅनी सोबत. मी तिला एकटीला गाठून सांगायचं ठरवलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण टेबलाशी संपदा, डोळे सुजलेले. तिने विचारलं, "काकू, नाव?"

सगळा बाक ऐकत होता.

"सुमन काशिनाथ राऊत," म्हटलं. "आणि तू काम सोडू नकोस. तुझ्या हातून बाटली बदललेली नाही. लिलीच्या नावाने मीच येऊन रक्त दिलं होतं. तुम्ही काय भानगडी करता ते बघायला."

संपदाचं पेन थांबलं. मागे बाक करकरला. वळून पाहिलं तर लिली उठून दाराबाहेर चालली होती, स्टॅनी तिच्या मागे. मला हाक मारता आली नाही. कोणत्या तोंडाने मारणार?

डॉक्टर शर्लिनने आत नेलं. चप्पल तिनेच काढली, चिंधी तिनेच सोडवली. मी भिंतीकडे पाहत होते. चिमटा वाजला, म्हणून खाली पाहिलं. माझ्या अंगठ्याचा रंग मी दिवसाउजेडी इतक्या जवळून पाहिलाच नव्हता. खाडीतल्या चिखलासारखा काळा. तिने चिमट्याने आत दाबलं.

"दुखतंय?"

"नाही. सांगते ना, काहीच दुखत नाही. म्हणून तर..."

"दुखायला हवं होतं, काकू."

अंगठा राहील की जाईल ते उद्या मोठ्या इस्पितळात ठरेल. पाय वाचेल असं ती म्हणाली, बहुतेक. उद्या सकाळी गाडी येईल. मी म्हटलं, "माझा विमा नाही. यतीनच्या विम्यात मी बसत नाही. आणि मी काही गाळ्यात कामाला जात नाही, तुमच्या बोर्डावर बसते की नाही ठाऊक नाही."

"वाडी कोण करतं?"

"मीच. हे गेल्यापासून मीच."

"मग कामकरीच की," म्हणाली, आणि लिहायला लागली. एवढा खर्च यांना कोण देतं ते अजून मला कळलेलं नाही. बरी झाले की विचारणार आहे.

बाहेर टेबलाशी संपदा माझं कार्ड भरत होती. माझं स्वतःचं, नवीन. "काकू, तातडीला कोणाला कळवायचं? जवळ राहणारं कोणी हवं, उद्या सोबतही लागेल."

यतीन विरारला. जवळचं म्हणायला एकच दार, आणि ते मी आज माझ्या हाताने लावून घेतलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पुसलंसुद्धा नाही.

"माझं घाल."

लिली दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्याकडे बघत नव्हती, रागाने नाक लाल झालेलं.

"लिली लोपीस," ती संपदाला म्हणाली. "फोन नंबर तिलाच विचार. पाठ हाय तिला."

मी नंबर सांगितला. संपदाने लिहून घेतला.